माथेरान लूप : चढाईचा आकडा अखेर जमिनीवर आला

मागील नोंदीत माथेरानच्या लूपचे (फिरून सुरुवातीलाच परत येणाऱ्या पायी मार्गाचे) नियोजन एकूण चढाईच्या, म्हणजे वाटेतील सगळ्या चढांच्या बेरजेच्या, आकड्यापाशी अडून पडले होते. तो आकडा या आठवड्यात अखेर जमिनीवर आला. मार्ग तोच आहे : अमन लॉजहून शटलने (छोट्या फेरीच्या मिनी ट्रेनने) माथेरान स्टेशन, तेथून अलेक्झांडर, रामबाग आणि चौक पॉइंट करत वन ट्री हिल, पुढे शार्लोट तलाव, एको व लुईझा पॉइंट आणि बाजारातून परत स्टेशन. अंतर सुमारे 12 किलोमीटर भरते आणि त्याबद्दल वाद नाही. मात्र समुद्रसपाटीपासून सुमारे 800 मीटरवर, बऱ्यापैकी सपाटीने फिरणाऱ्या या वाटेला नियोजनाचे ॲप चक्क 900 मीटर चढाई दाखवत होते. नेरळहून पायी वर आले तरी एवढी चढाई होत नाही.

हा केवळ आकडेमोडीच्या हौसेचा प्रश्न नव्हता. स्कॉटिश गिर्यारोहक नेस्मिथने 1892 मध्ये मांडलेल्या नियमानुसार सपाटीवर ताशी 5 किलोमीटर धरून दर 600 मीटर चढाईला एक तास वाढवायचा असतो. म्हणजे 900 मीटरला दीड तास आणि 300 मीटरला अर्धाच तास. मधल्या या एका तासावरच लुईझा पॉइंट मार्गात ठेवायचा की शटल गाठण्यासाठी गाळायचा, हे ठरणार होते. शिवाय मोहिमेला ‘मध्यम’ म्हणावे की ‘कठीण’, आणि गटातील ज्येष्ठांना निमंत्रण द्यावे की नाही, हेही त्यावरच अवलंबून होते.

गोम उंचीच्या विदेत (डेटामध्ये) निघाली. अशी बहुतेक ॲप ज्या मोफत विदेवर चालतात, तिचा मोठा भाग 2000 सालच्या अंतराळयान मोहिमेत रडारने टिपलेला आहे आणि त्यातील एकेक चौकट साधारण 30 मीटरची आहे. माथेरानची वाट अनेक ठिकाणी कड्याच्या अगदी काठाने जाते. गर्द झाडीत जीपीएसचा ठिपका दहा-पंधरा मीटर जरी दरीकडे सरकला, तरी ॲप वाटेची उंची न घेता कड्याच्या पोटातील उंची उचलते आणि पुढच्याच ठिपक्याला पुन्हा माथ्यावर येते. चौक पॉइंट ते वन ट्री हिल या टप्प्याचा आलेख मोठा करून पाहिला, तेव्हा तो करवतीच्या दात्यांसारखा दिसत होता. पायांना जेथे चार-पाच मीटरचा उतार जाणवतो, तेथे आलेखात 60 मीटरची खाई होती आणि अशी प्रत्येक खाई चढाईच्या बेरजेत जमा होत होती. भरीस भर म्हणजे रडारच्या लहरी दाट जंगलात बऱ्याच अंशी झाडांच्या शेंड्यांवरूनच परततात, त्यामुळे झाडी संपून मोकळा कातळ लागला की तेथेही खोटी पायरी उमटते.

आलेख गुळगुळीत करण्याचा पर्याय अनेकांनी सुचवला होता. तो करून पाहिला, परंतु खोटे दाते बुजेपर्यंत शार्लोट तलावाकडचा खरा उतारही पुसला जातो. म्हणून शेवटी हवेच्या दाबावर चालणारा उंचीमापक घेतला. सध्याच्या अनेक फोनमध्ये दाबाचा संवेदक नसतो आणि जाहिरातीत त्याविषयी मौन असते, त्यामुळे फोन घेण्यापूर्वी तांत्रिक तपशील वाचून पाहावा. माझ्या मते या कामाला घड्याळच उत्तम, फक्त माथेरानची तांबडी धूळ त्याच्या संवेदकाच्या छिद्रात बसते, तेव्हा ते अधूनमधून साध्या पाण्याने धुवावे.

दाबालाही स्वतःची भरती-ओहोटी असते. आपल्या अक्षांशात हवामान स्थिर असले तरी सकाळी दहाच्या सुमारास दाब सर्वाधिक आणि दुपारी चारच्या सुमारास सर्वांत कमी असतो. हा फरक साधारण 3 हेक्टोपास्कल (हवेच्या दाबाचे एकक) असतो आणि या उंचीवर 1 हेक्टोपास्कल म्हणजे सुमारे 9 मीटर. दाब घटला की घड्याळ त्याला उंची वाढली असे समजते, म्हणजे एका जागी बसून राहिले तरी संध्याकाळपर्यंत घड्याळ 25 ते 30 मीटर ‘चढते’. त्यावर उपाय रेल्वेने आयताच करून ठेवला आहे. स्टेशनच्या पिवळ्या फलकावर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. निघताना घड्याळ तिच्याशी जुळवायचे, परतल्यावर फरक पाहायचा आणि तो वेळेच्या प्रमाणात वाटून टाकायचा. एवढे करून चढाई 300 मीटरच्या आसपास आली. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या 1:50,000 नकाशावरील 20 मीटर अंतराच्या समोच्च रेषा (समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषा) हाताने मोजल्या, त्यांचाही मेळ बसला. त्या क्षणी झालेला आनंद घरात कोणालाही समजावून सांगता आला नाही.

हे लिहीत असतानाच एक वेगळी कल्पना सुचली आहे. मोठ्या लूपऐवजी इंग्रजी आठच्या आकड्याचा मार्ग घेतला, तर पूर्व आणि दक्षिणेकडचे पॉइंट करून दुपारी बाजारात परतता येईल आणि जेवणानंतर पश्चिमेकडचा अर्धा भाग करता येईल. दीड-दोन किलोमीटर वाढतील, पण एकाच फाट्यावरून दोनदा गेल्यामुळे मापकाची मधली तपासणी होईल आणि जो थकेल त्याला तेथूनच शटल पकडता येईल. पश्चिमेचे कडे दुपारनंतरच्या उन्हात पाहायला मिळतील, हा फायदा वेगळाच.

वाटेवर घोडेही असतात, याचा विचार मात्र बाजाराजवळच्या टप्प्यासाठी करावाच लागेल. घोडा येताना दिसला की दरीच्या बाजूला न सरकता आतल्या बाजूला, घोडेवाल्याला दिसेल असे स्थिर उभे राहावे आणि काठ्या मिटून घ्याव्यात. एका दुकानातून घेतलेल्या काठ्यांची रबरी टोके जांभ्याच्या खडकात अडकून निघाली, आणि उघडे लोखंडी टोक दगडावर वाजले की घोडे कान टवकारतात. नवी टोके थोडी महाग पडली तरी पेचाची घेणार आहे.

मोहीम दिवाळीनंतरच्या एखाद्या कामाच्या वारी ठेवली आहे, कारण सुट्टीच्या गर्दीत नेस्मिथचे कोणतेही गणित टिकत नाही. शटलचे वेळापत्रक बदलत असल्याने ते आदल्या दिवशी पुन्हा पाहीन. नव्या ट्रॅकमध्ये (मार्गाच्या जीपीएस फाइलमध्ये) बाजारातील फाटा स्वतंत्र वेपॉइंट (खूण केलेले ठिकाण) म्हणून टाकला आहे, तेव्हा ज्यांच्याकडे जुनी फाइल आहे त्यांनी ती बदलून घ्यावी.