फोनचं बिऱ्हाड

रविवार, रात्रीचे अकरा

माझ्या फोनमध्ये 'सुनीलमामा कोपा' नावाचा एक माणूस आहे. मामा कोपरगावचे. त्यांचा नंबर मी पहिल्यांदा साठवला तो सिमवर. तिथे नावाला मोजकीच रोमन अक्षरं मिळायची, त्यामुळे 'कोपा'पाशी जागा संपली. नंबरही फार तर अडीचशे मावायचे. मग ती यादी नोकियात गेली, तिथून विंडोज फोनमध्ये, मग अँड्रॉइडमध्ये आणि आज दुपारी आयफोनमध्ये. मामा अजून कोपाच आहेत. अंधेरीची वैशाली तर 'वैशाली अंधे' होऊन बसली आहे. तिने एकदा माझ्या फोनवर स्वतःचं नाव पाहिलं आणि दोन दिवस बोलली नाही.

नावं दुरुस्त करायला कितीसा वेळ लागतो? पण करत नाही. इतक्या वर्षांत माझ्या फोनमधलं जसंच्या तसं टिकलेलं काही असेल तर ती ही यादी. बाकी दर वेळी फोन बदलला की बिऱ्हाड हलवल्यासारखं होतं. भांडीकुंडी जातात, भिंतीतलं कपाट मागे राहतं.

घरातला पहिला मोबाइल नोकिया ११००, टॉर्चवाला. तो नवऱ्याचा, तो सोडून देते. माझा स्वतःचा, ज्याला स्मार्टफोन म्हणता येईल असा पहिला फोन म्हणजे नोकिया ई६३. साल २००९. आत सिम्बियन नावाची प्रणाली होती, पण हा शब्द तेव्हा आमच्या लोकलच्या डब्यात कोणी उच्चारल्याचं आठवत नाही. मला हवी होती ती त्याची खरी बटणं. डोंबिवलीहून निघालेल्या लोकलमध्ये एका हाताने दांडी धरायची आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने न बघता मेसेज टाइप करायचा, हे काचेच्या फोनवर मला अजून जमलेलं नाही. स्पेसबार दाबून धरला की त्याचा टॉर्च लागायचा. सासरी, सांगलीकडे, तेव्हा लोडशेडिंग जोरात होतं. जेवताना दिवे गेले की मी स्पेसबार दाबायची. अण्णा म्हणजे माझे सासरे विचारायचे, "सूनबाई, हा फोन आहे की बॅटरी?"

त्यावर मराठी वाचणं हा मात्र एक उद्योग होता. बातम्यांचं पान उघडलं की नुसते चौकोन. ऑफिसातल्या एका मुलाने युक्ती शिकवली. ऑपेरा मिनी या ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत 'ऑपेरा:कॉन्फिग' लिहायचं, खाली जाऊन अवघड लिप्यांसाठी बिटमॅप फॉन्ट वापरायचा पर्याय शोधायचा आणि तो चालू करायचा. मग चौकोनांच्या जागी देवनागरी यायची. ती खरी अक्षरं नसायची, सर्व्हरने पाठवलेली अक्षरांची चित्रं असायची, जरा धुरकट. डेटाही जास्त खायची आणि तेव्हा दर १० केबीला १० पैसे. म्हणजे अग्रलेख वाचायचा की पहिल्या पानावर भागवायचं, याचा रोज हिशेब. तरी मी मुंब्र्याच्या पुढे खाडीवरून गाडी जाताना अग्रलेख वाचलेले आहेत. ती युक्ती मी किती जणींना शिकवली, देव जाणे.

मधे ऑफिसने ब्लॅकबेरी हातात दिला. त्याच्याबद्दल लिहिण्यासारखं फार नाही. कोपऱ्यात लाल दिवा लुकलुकायचा आणि झोपमोड व्हायची. २०१० च्या ऑगस्टमध्ये सरकारने कंपनीला मुदत दिली होती, मेसेज तपासता येतील अशी सोय करा नाहीतर सेवा बंद करू म्हणून. बंद होईल अशी मला आशा होती. झाली नाही.

पुढचं सगळं ठरलं ते लांब फिनलंडमध्ये. २०११ च्या फेब्रुवारीत नोकियाचे प्रमुख स्टीफन ईलॉप यांनी कर्मचाऱ्यांना एक लांबलचक पत्र लिहिलं. उत्तर समुद्रातल्या पेटलेल्या तेलफलाटावर एक माणूस उभा आहे, खाली बर्फासारखं पाणी, उडी मारायची की जळायचं, अशी त्यात गोष्ट होती. उडी त्यांनी मारली ती मायक्रोसॉफ्टच्या पाण्यात. अँड्रॉइड घ्यायचं सोडून मायक्रोसॉफ्टची विंडोज फोन ही प्रणाली. पुढच्या काही वर्षांत मी हे पत्र मराठीत समजावून सांगायचा प्रयत्न नवऱ्यापाशी केला होता. तो म्हणाला, तुला फोन हवाय की नोकरी?

मला फोन हवा होता आणि २०१३ मध्ये मी नोकियाचा विंडोज फोन ल्युमिया ५२० घेतला, दहा हजारांच्या आसपास. खरं सांगायचं तर माझ्या हातात आलेल्या सगळ्या फोनमध्ये हा मला सगळ्यात आवडलेला. फक्त ५१२ एमबी रॅम आणि तरी अडखळायचा नाही. त्याच पैशात मिळणारे तेव्हाचे अँड्रॉइड कॉल उचलताना सुद्धा विचार करायचे. पडद्यावर रंगीत चौकटी, त्या आपोआप उलटायच्या आणि नवं काय ते दाखवायच्या. पण खरी चैन होती नकाशांची. महाराष्ट्राचा सगळा नकाशा घरच्या वायफायवर उतरवून घ्यायचा, मग नेटची गरजच नाही. एका पावसाळ्यात भोरहून वरंध घाटाने महाडला उतरत होतो. धुकं इतकं की समोरच्या एसटीचे मागचे दिवे तेवढे दिसत होते. बरोबरच्या गाडीत तिघांकडे महागडे फोन, एकालाही रेंज नाही. माझा शांतपणे पुढचं वळण सांगत होता. शिवथरघळीचा फाटाही त्यानेच सांगितला. त्या दिवशी मी जरा जास्तच मिरवलं.

पण लोक फोन विकत घेताना घाटातली वळणं बघत नाहीत. 'अमुक ॲप आहे का?' एवढंच विचारतात आणि माझं उत्तर बहुतेक वेळा 'येणार आहे' असं असायचं. यूट्यूबचंच बघा. गूगलने विंडोज फोनसाठी धड ॲप केलं नाही, मायक्रोसॉफ्टने स्वतः करून दिलं, तर २०१३ च्या ऑगस्टमध्ये गूगलने ते अडवलं. ॲप करणारे येत नाहीत म्हणून लोक येत नाहीत, लोक येत नाहीत म्हणून ॲप करणारे येत नाहीत. २०१४ च्या एप्रिलमध्ये मायक्रोसॉफ्टने नोकियाचा फोनचा धंदा पुरता विकत घेतला, आणि पुढच्या वर्षी जुलैत त्यापोटी ७.६ अब्ज डॉलर बुडीत खात्यात टाकले. चेन्नईजवळचा श्रीपेरंबुदूरचा कारखाना कराच्या भांडणामुळे त्या व्यवहारात गेलाच नाही. १ नोव्हेंबर २०१४ ला तो बंद झाला. पेटत्या फलाटाच्या गोष्टीत या कारखान्यातल्या पोरापोरींना कुठे उडी मारायची ते कोणी सांगितलं नव्हतं.

मी तरीही ल्युमिया सोडला नव्हता. सोडायला लावलं ते नोटाबंदीने. ८ नोव्हेंबर २०१६ नंतर डोंबिवली स्टेशनबाहेरच्या भाजीवालीने सुद्धा फोनवर पैसे घ्यायची तयारी दाखवली. ३० डिसेंबरला भीम ॲप आलं ते फक्त अँड्रॉइडवर. आयफोनवाल्यांनाही थांबावं लागलं, तिथे चौकटीवाल्यांना कोण विचारतो? जानेवारीत मी कोणत्याशा कंपनीचा स्वस्त अँड्रॉइड घेतला. त्या कंपनीने आपली स्वतःची इतकी ॲपं आत कोंबून दिली होती की फोटो काढायला जागा उरेना. एक पुसलं की सकाळी परत हजर.

भावकीत कोणाच्या लग्नात आयफोनवाले आणि अँड्रॉइडवाले अजून तावातावाने भांडतात. कॅमेरा कोणाचा, सुरक्षा कोणाची, कोण किती वर्षं अपडेट देतो. मी ऐकते आणि जिलबी घेते. माझा प्रत्येक बदल ठरला तो बाहेरून. ऑफिसने दिला म्हणून, पैसे भरता यावेत म्हणून, आता लेकाने दिला म्हणून. त्यात सरस-नीरस कुठे आलं? जो सरस वाटला तो हरला, आणि त्याच्या हरण्याशी फोनच्या बरेवाईटपणाचा काडीचा संबंध नव्हता.

अँड्रॉइडने मात्र एक गोष्ट अशी दिली की बाकीचं मी पोटात घातलं. २०१७ च्या ऑगस्टमध्ये गूगलने मराठीत बोलून टाइप करायची सोय आणली. अण्णांचे हात तेव्हा कापायला लागले होते, टाइप करणं शक्य नव्हतं. दिवाळीत मी त्यांना कीबोर्डवरचा माइक दाखवला. अण्णा जुने पोस्टातले. त्यांनी खाकरून घसा साफ केला, फोन तोंडापासून हातभर लांब धरला आणि तारेचा मजकूर सांगावा तसं एकेक शब्द तोडून ओरडले, "प्रिय. वसंता. तुझी. म्हैस. व्याली. का." पडद्यावर जसंच्या तसं उमटलं, म्हशीसकट. त्यांनी चष्मा वर करून दोनदा वाचलं आणि विचारलं, "हे ऐकतंय कोण?" प्रश्न बरोबर होता. मी म्हटलं, गूगल. ते म्हणाले, ऐकू दे, म्हशीचंच आहे. पुढे अण्णा गेले तोपर्यंत ते असेच वसंतकाकांशी बोलत राहिले, शेजारच्या दोन घरांना ऐकू जाईल अशा आवाजात.

तर आज. लेक पुण्याहून आला, त्याचा आयफोन १३ माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाला, आई, आता हा वापर, मी नवा घेतलाय. दुपारभर दोन फोन शेजारी ठेवून बसलो. व्हॉट्सॲपच्या गप्पा हलवता आल्या याचं मला खरंच नवल वाटलं. विंडोजवरून अँड्रॉइडवर आले तेव्हा ती सोय नव्हती. दोघांच्या बॅकअपची सोयरीकच नव्हती. त्यामुळे २०१३ ते २०१६ मधलं सगळं, जावेने पाठवलेल्या पाककृती, लेकाच्या दहावीची रडारड, ल्युमियातच राहिलं. अँड्रॉइडवरून आयफोनवर गप्पा न्यायची वाट व्हॉट्सॲपने २०२२ मध्ये उघडली. अट एवढीच की आयफोन नवा किंवा पूर्ण पुसलेला हवा. लेकाने तो पुसूनच आणला होता.

आयफोनवर मागे जायचं बटण नाही. कडेवरून बोट ओढायचं, तेही सगळीकडे चालत नाही. संध्याकाळपर्यंत मी रिकाम्या जागेवर अंगठा दाबत होते. चार्जर परत वेगळा. पूर्वी कोणाच्या घरी गेलं की 'बारीक पिनचा आहे का?' असं विचारायचो. मध्ये काही वर्षं सगळ्यांचं एक झालं होतं. आता नवे आयफोनही सी-टाइप आहेत, पण १३ ला अजून जुनी लायटनिंग पिन लागते. मराठी कीबोर्ड आहे, २०१४ पासून आहे म्हणे, पण माझी बोटं रोमनमधून मराठी करायला सरावलेली, म्हणून गूगलचाच कीबोर्ड तिथेही बसवून घेतला. लेक हसला. आयफोनचे आपसातले मेसेज निळे, बाकीचे हिरवे वगैरे त्याने समजावलं. अमेरिकेत हिरवा बुडबुडा आला की पोरं नाकं मुरडतात म्हणे. आपल्याकडे साध्या मेसेजमध्ये ओटीपी आणि कर्जाच्या जाहिराती, त्या कोणत्या का रंगात येईनात.

युपीआय पुन्हा नव्याने नोंदवावं लागलं. सिमवरून बँकेला मेसेज जातो, तो पोचला की फोन आणि खातं जोडलं जातं. दोन बँकांचं झालं. तिसऱ्या बँकेचं ॲप 'थोड्या वेळाने प्रयत्न करा' एवढंच म्हणत राहिलं, तेव्हा रात्री नाद सोडला. आणि माझं दुसरं सिम. या फोनमध्ये प्लास्टिकचं सिम एकच बसतं, दुसरं ई-सिम, म्हणजे कार्डाशिवाय फोनमध्येच असणारं, करून घ्यावं लागतं. घरगुती गॅस, शाळेतल्या मैत्रिणी आणि सोसायटीचा वॉचमन या सगळ्यांकडे तोच नंबर. उद्या लंच टाइममध्ये आधार कार्ड घेऊन सिमच्या कंपनीच्या दुकानात जायचं, तोवर पर्समध्ये दोन्ही फोन.