पी0118 आणि फोंड्याचा पाऊस

माझी 2012ची पेट्रोल गाडी, गेल्या जुलैत इंजिनचा दिवा लागला तो जाईना आणि रेडिएटरचा फॅन सारखा घुं घुं करत चालू, गॅरेजवाला म्हणाला ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा कॉम्प्युटर, गेलाय, पण मला ते पटेना म्हणून मी स्वतःच ब्लूटूथवाला ईएलएम327 स्कॅनर आणला. स्टिअरिंगखाली वाकून बघा, 16 पिनांचं सॉकेट सापडेल, त्यात लावायचा, चावी ऑन करायची आणि मोबाईलवर बिघाडाचा कोड वाचायचा. आला पी0118, म्हणजे कूलंट टेम्परेचर सेन्सरच्या सर्किटचं व्होल्टेज जास्त. पण माझं म्हणणं, नुसत्या कोडवर सेन्सर विकत घेऊ नका हो! लाईव्ह डेटा, म्हणजे सेन्सरचे त्या क्षणाचे आकडे, उघडा. इंजिन चांगलं तापलेलं आणि स्क्रीनवर कूलंटच्या तापमानाचा आकडा उणे 40 अंश, फोंड्यात उणे 40! असा आकडा आला की बहुतेक वेळा वायर किंवा कनेक्टर सुटलेला असतो, सर्किट तुटलं की ईसीएमला तसंच दिसतं. कनेक्टर काढला तर आतली पिन हिरवीगार, आपल्याकडच्या पावसाची दमट हवा कुठे कुठे शिरते बघा. कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, सुकू दिलं, परत घट्ट बसवला, आकडा 88वर आला आणि फॅन गप्प. कोड आधी वहीत लिहा, मगच इरेज करा, कारण इरेज केला की फ्रीझ फ्रेमपण, म्हणजे कोड आला त्या क्षणाची इंजिनची नोंद, पुसली जाते.