कुंचीवरची डोरी आणि वडगावची दुपार

बारशाला बेळगावला निघाले तेव्हा पिशवीत अर्धवट कुंची होती. मावसबहिणीच्या नातवासाठी, गुळेदगुड्डच्या हिरव्या खणाची. कडेनं लाल डोरी फिरवायची आणि तीच डोरी रेशमी दोऱ्यानं टाचत जायची, हे काम दोन आठवडे चाललं होतं, थोडंच उरलं होतं. म्हटलं, कोल्हापूरहून बसमध्ये बसले की होईल. निपाणीपर्यंत दोरा तीनदा नेढ्यातून निसटला. तवंदीच्या घाटात मारलेली गाठच सुटून आली. संकेश्वर गेल्यावर कुंची घडी घालून ठेवून दिली आणि बेळगाव येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले.

दोरा रेयॉनचा. दुकानात ‘सिल्क’ म्हणूनच मिळतो. चमक अगदी रेशमाची, पण लाकडाच्या लगद्यापासून केलेला आणि अंगानं इतका गुळगुळीत की गाठीत गाठ धरत नाही. सुटतो म्हणून मी प्रत्येक टाका जोर लावून ओढत होते.

2014 पासून पाट्यांवर ‘बेळगावी’ आहे. माझ्या तोंडी बेळगावच बसलंय. ताईचं घर वडगावात. वडगाव, खासबाग, शहापूर हा विणकरांचा भाग. गल्लीत शिरताच मागांची खडखड सुरू होते, माणसं सहज बोलतात तीही चढ्या आवाजात. पहिल्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या रात्री मध्येच माग थांबले तेव्हा जाग आली. पहिला दिवस सगळा जेवणात गेला. ‘नको’ म्हटलं की ताटात आणखी एक भाकरी पडते, हे मला खरोखर जड जातं.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारच्या अक्का आल्या. माहेर धारवाडकडचं, घरात कन्नड, गल्लीत मराठी. मी खिडकीपाशी कुंची घेऊन बसले होते.

“काय करुलालीस गे?” म्हणत त्यांनी ती हातातून घेतली, उलटी केली आणि गप्प झाल्या. मग म्हणाल्या, “दोरा एवढा वढायचा नसतोय. कापड बघ, गोळा झालंय.”

खरंच कड चुण्यांनी भरली होती. अक्कांनी ओल्या पांढऱ्या चिंधीत डोरीचं टोक धरून दाबलं. चिंधी गुलाबी झाली. ‘रंग जाणार नाही’ असं मला दुकानात दोनदा सांगितलं होतं! बाळ कुंचीची कड तोंडात घालणार, हे सांगूनच मी ती डोरी घेतली होती. आजही त्या गोष्टीचा राग जात नाही. दोन आठवड्यांचं काम आम्ही दोघींनी उसवलं. शहापूरच्या खडेबाजारात गर्दीतून वाट काढत दुसरी डोरी आणली, तीही आधी ओल्या रुमालात दाबून बघून. दुकानदाराला ते आवडलं नाही. मी दाबलीच.

मग खरी शिकवणी झाली. दोरा कोपरापासून बोटांपर्यंत, त्याहून वीतभरही जास्त नाही. लांब दोरा कापडातून जाऊन येऊन पिंजतो. ओलसर बोट फिरवून त्याचे वेटोळे मोडायचे आणि पूर्ण वाळू द्यायचा, कारण रेयॉन ओला असला की कमजोर होतो. गाठ मारायचीच नाही. डोरी जिथं बसणार तिथं आधी दोन बारीक टाके एकावर एक घ्यायचे, वर डोरी आली की ते झाकले जातात. “कसुतीत कुठं गाठ असतीय?” अक्का म्हणाल्या आणि घरी जाऊन आपली इरकल घेऊन आल्या. पदरावर कसुतीचं भरतकाम, गोपुरं, रथ, सगळं कापडाचे धागे मोजून भरलेलं. गवंती, मुर्गी, नेगी, मेंथी असे चारही टाके बोट ठेवून दाखवले. मी पदर उलटून पाहिला. गवंतीचं काम मागूनही पुढच्यासारखंच. माझ्या कामाची मागची बाजू मी आजवर कुणाला दाखवलेली नाही.

कसुतीत सुई धागे मोजते. डोरीचं काम वेगळं. डोरी कापडात शिरतच नाही, नुसती वर निजते. तिला पीळ असतो. टाका त्या पिळाच्या खाचेतून तिरका घेतला की दिसेनासा होतो, पिळाला आडवा घेतला की डोरीवर वळ उठतो. दोन टाक्यांत ज्वारीच्या दाण्याएवढं अंतर. वळणावर टाके जवळ, कोपऱ्यात नेमका टोकावर एक. “निधान, निधान,” म्हणजे सावकाश, सावकाश, अक्का कन्नडमध्ये सांगत राहिल्या. माझा हात ऐकत नव्हता, प्रत्येक टाक्याला ओढायला जायचा.

डोरीचं टोक मी आधी कापून गोंदानं चिकटवलं होतं. अक्कांनी त्या कडक टोकावर माझा अंगठा ठेवला. “बाळाच्या मानेला हे लागतंय.” नव्या डोरीचं टोक त्यांनी दाभणानं वाट करून मागं ओढून घेतलं, पीळ सोडून पदर वेगळे केले आणि ते अस्तराखाली सपाट टाचले. दिवे लागले तेव्हा फक्त एक बाजू पुरी झाली होती. उरलेली मी दोन रात्री जागून केली.

बारशाला पाळण्याशी ही गर्दी. अक्कांनी बाळाच्या डोक्यावरून कुंची हळूच काढली, मानेच्या आतल्या कडेवरून अंगठा फिरवला, मग एका कोपऱ्याशी थांबल्या. तिथं माझा टाका टोकावर बसला नव्हता.

“हे उद्या उसवूया,” म्हणाल्या.

माझी परतीची बस त्याच संध्याकाळची होती. ती मी दुसऱ्या दिवशीची करून घेतली.