मागची शिल्लक

२००० च्या दिवाळीत ताई आणि भाऊजी न्यू जर्सीहून आले. बॅगेच्या तळातून, बदामांच्या पिशवीखालून, भाऊजींनी माझ्यासाठी पाम थ्रीएक्सई नावाचा खिशातला कॉम्प्युटर काढला. हातात मावेल एवढी पाटी, तिच्या पाठीत खोचलेली एक काडी आणि सोबत प्लास्टिकची तिरकी बैठक. "याला क्रेडल म्हणतात," भाऊजी म्हणाले. आईच्या हातातला चकलीचा सोऱ्या थांबला. "म्हणजे पाळणाच की! मग संखेड्याचा आणायचा होता, लाखेच्या रंगातला. बारसं कधी?" पुढे ती बैठक बडोद्यात दांडियाबाजारच्या आमच्या घरात कायमची पाळणाच झाली. आणि "बाळ निजवलंस का?" याचा अर्थ, आजची मेल उतरवून घेतलीस का.

आजच्या मुलांना सांगितलं की ती दयेने बघतात, पण माझ्या त्या पामला इंटरनेट ठाऊकच नव्हतं. संध्याकाळी घरी आलं की आधी मोडेम लावून टेलिफोन अडवायचा, कॉम्प्युटरवरच्या आउटलुकमध्ये पत्रं उतरवायची, मग पाम पाळण्यात बसवून बटण दाबायचं. टिरिंग करून हॉटसिंक सुरू व्हायचं आणि इनबॉक्समधली पत्रं केबलमधून हळूहळू पामवर चढायची. जोडलेल्या फाइली यायच्या नाहीत. लांबलचक पत्र ४००० अक्षरांवर कापलं जायचं, आणि ताईचं पत्र नेमकं "तेव्हा सासूबाई म्हणाल्या" इथेच तुटायचं. दुसऱ्या दिवशी बसमध्ये मी उत्तरं लिहायचो. ती पामच्या आउटबॉक्समध्ये पडून राहायची. संध्याकाळी पुन्हा पाळणा, पाळण्यातून कॉम्प्युटरचा आउटबॉक्स, मग पुन्हा एकदा टेलिफोन अडवणं. एवढं झालं की पत्र सुटलं. आई म्हणायची, "पत्र पाठवतोस की पत्राची वरात काढतोस?"

बडोदेकराला खरं तर याचं नवल वाटायला नको. सयाजीरावांनी १९१० साली अमेरिकेहून बोर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावून आणले आणि संस्थानात गावोगाव पुस्तकांच्या पेट्या फिरू लागल्या. पेटी गावात जायची, लोक वाचायचे, पेटी परत यायची, दुसरी जायची. सगळं ग्रंथालय उचलून कोण नेणार? त्यातला एक घास न्यायचा. माझा ८ मेगाबाइटचा पाम त्याच पेटीच्या वंशातला.

पाम ज्यांच्या डोक्यातून निघाला ते जेफ हॉकिन्स आधी त्याच मापाचा लाकडाचा ठोकळा खिशात घालून हिंडायचे. कुणी भेटीची वेळ ठरवली की ठोकळा काढायचा आणि त्यावर काडीने लिहिल्यासारखं करायचं. हे मला फार आवडतं. आमच्याकडे कुणी असं केलं असतं तर घरच्यांनी डभोईच्या वैद्याकडे नेलं असतं. लिहायची लिपीही पामची स्वतःची, ग्रॅफिटी नावाची. इंग्रजी 'ए'ला मधली आडवी रेघ नाही, 'टी' म्हणजे अर्धी चौकट. देवनागरी नव्हतीच, त्यामुळे ताईला मराठी पत्रं रोमन अक्षरांत जायची आणि भाऊजी ती अमेरिकन उच्चारात वाचून दाखवायचे. वर्षभरात माझा हात असा वळला की चेकवरही बिनरेघेचा 'ए' उमटू लागला. बँकेतल्या बेनने माझ्याकडून तीनदा सही करवून घेतली.

मी तेव्हा पंप विकायचो. आठवड्यातून दोनदा अंकलेश्वर. भरूचला नर्मदेच्या पुलावर गाड्या तासन् तास तुंबायच्या. एकदा त्या खोळंब्यात मी पामची साफसफाई काढली. वाचून झालेली पत्रं पुसत सुटलो, चाळीसेक तरी असतील. मूळ प्रती घरच्या कॉम्प्युटरवर आहेतच, असा माझा हिशेब. रात्री टिरिंग झालं आणि कॉम्प्युटरच्या इनबॉक्समधूनही तीच चाळीस पत्रं गेली. यंत्राचं काही चुकलं नव्हतं. मी तिकडे पुसलं, त्याने तो निरोप इकडे पोचवला, इतकंच. आउटलुकच्या कचऱ्यातून एका ऑर्डरचं पत्र उपसून काढेपर्यंत साडेअकरा झाले. तोवर मी त्या डबीच्या सात पिढ्यांचा जो उद्धार केला, तो ऐकून अण्णा बाहेर आले.

अण्णा हिशेबखात्यातून निवृत्त झालेले. सगळी हयात रोजमेळ आणि खतावणीची रुजवात घालण्यात गेली. शेजारचे शेठ अजूनही दिवाळीच्या आधी जिन्यातून हाक द्यायचे, "अण्णा, चोपडा मेळवी लीधा?" त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "एका वहीत नोंद आहे, दुसऱ्या वहीत नाही. मग ती एकीत नवी आली, की दुसरीतून खोडली गेली? तुझी डबी हे ठरवते कसं?"

मी गप्प. दोन याद्या समोरासमोर धरल्या की काम झालं, अशी माझी समजूत होती.

"मागची शिल्लक लागते," अण्णा म्हणाले. "मागच्या खेपेला दोन्ही वह्या जिथे जुळल्या होत्या, ती. ती नसेल तर नुसतं बघत बसायचं."

नंतर वाचून काढलं तर पामचा कारभार अगदी तसाच निघाला. मागच्या भेटीनंतर बदललेल्या प्रत्येक नोंदीवर तो खूण करून ठेवतो. पुसलेली नोंदही लगेच मुळासकट जात नाही. पुढच्या भेटीत 'ही गेली' असं सांगता यावं म्हणून तिची जागा तेवढी धरून ठेवलेली असते. आम्ही माणसं गेलेल्याचा टाक करून देव्हाऱ्यात ठेवतो, त्यातलाच प्रकार. एकच पत्ता दोन्हीकडे वेगवेगळा बदललेला असला तर यंत्र निवाड्याच्या भानगडीत पडत नाही, दोन्ही ठेवतं. माझ्या यादीत त्यामुळे एकच डॉक्टर दोन फोन नंबरांसह दोनदा होते, आणि दर वेळी मी आधी चुकीचा लावायचो. मधेच ऑफिसच्या कॉम्प्युटरशी गाठ पडलेली असेल तर मात्र त्या खुणांवर भरवसा उरत नाही. मग मागच्या भेटीला जपून ठेवलेली प्रत काढायची आणि एकेक नोंद तिच्याशी ताडून बघायची. याला स्लो सिंक म्हणतात. अण्णांना हे समजावून सांगितलं.

"म्हणजे ऑडिट," ते म्हणाले आणि झोपायला गेले.

आता फोन आणि कॉम्प्युटर एकमेकांना भेटतच नाहीत. दोघं दूरच्या कुठल्या सर्व्हरकडे बघतात आणि आपापलं चालू ठेवतात. सोय उत्तम आहे, माझी काही तक्रार नाही. नर्मदेवरूनही आता क्षणात उत्तर जातं, फक्त २०१७ मध्ये तारांनी पेललेला नवा पूल झाल्यापासून तिथे उत्तर लिहिण्याइतकं कुणी थांबत नाही. पाम माळ्यावर आहे. सेल काढून ठेवले की थोड्याच वेळात त्याची पाटी कोरी होते, त्यामुळे त्याच्याकडे आता कसलीच शिल्लक नाही.

ती आहे ग्वाल्हेरच्या आत्याकडे. दोन-तीन वर्षांनी एकदा येते, आणि चपला काढता काढता मागच्या भेटीत जिथे थांबली होती तिथूनच सुरू करते. आईचा डावा गुडघा, वरच्या मजल्यावाल्यांशी पाण्याच्या टाकीवरून झालेलं भांडण, माझ्या मुलीचं गणित. एक नोंद चुकत नाही. पण एकदा उतरलेली नोंद तिच्याकडून पुसलीही जात नाही. गेल्या एप्रिलमध्ये आली तेव्हा रात्री जेवणं झाली, मी नुसताच सोफ्यावर बसलेलो दिसलो, तशी म्हणाली, "काय रे, आज बाळ नाही निजवायचं?"

मुलीने दचकून आधी माझ्याकडे आणि मग तिच्या आईकडे पाहिलं.

"निजवलं, आत्या," मी म्हणालो. "मघाशीच."