आमची वाटचाल : आयपीएची बॅरल आणि तुर्भ्याचा गाळा

तुर्भ्याच्या एमआयडीसीत आम्ही सुरुवात केली तेव्हा भाड्याचा अर्धा गाळा होता आणि विकायला एकच माल, आयसोप्रोपिल अल्कोहोल. बाजारात त्याला सगळे आयपीए म्हणतात. प्रॉपिलीनपासून बनणारा हा माल जवळच तळोज्यात तयार होतो, न्हावा शेव्याला बाहेरूनही येतो. 160 किलोचं बॅरल घ्यायचं, लहान कॅन भरायचे आणि टेम्पोने पोचवायचे, एवढाच आमचा धंदा.

गिऱ्हाइकं हळूहळू जमली. वागळे इस्टेटमधले छापखाने शाई पातळ करायला आणि रोलर पुसायला नेतात. महाप्याचे सर्किट बोर्डवाले सोल्डरिंगनंतर बोर्डावर उरलेला चिकट फ्लक्स काढायला नेतात. औषध कंपन्यांना जंतू मारायला मात्र 70 टक्क्यांचा, म्हणजे पाणी मिसळलेला लागतो. नवखे विचारतात, शुद्ध माल जास्त चांगला नाही का? जंतू मारायला नाही. पाण्याशिवायचा आयपीए जंतूच्या बाहेरच्या थरातली प्रथिनं झटकन गोठवतो आणि उडून जातो. सोबत पाणी असलं की तो टिकतो आणि आतपर्यंत पोचतो.

बोर्डवाल्यांना मात्र पाण्याचा अंशही चालत नाही, आणि पावसाळा हा आमचा खरा कसोटीचा काळ. उघड्यावर उभ्या बॅरलच्या माथ्यावर पाणी साचतं. रात्री बॅरल थंड झालं की आतला दाब कमी होतो आणि सैल बुचातून ते पाणी आत ओढलं जातं. एकदा शिरलेलं पाणी साध्या ऊर्ध्वपातनाने निघत नाही. वजनाने 88 टक्क्यांच्या आसपास आयपीए आणि पाणी 80 अंशांवर एकत्रच उकळू लागतात. म्हणून आमची बॅरलं पत्र्याखालीच राहतात आणि प्रत्येक लॉटमधलं पाणी कार्ल फिशर या पाणी मोजायच्या चाचणीने तपासूनच माल निघतो.

पण मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे ते आगीबद्दल. आयपीएचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानापासून त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते ते, साधारण 12 अंश सेल्सिअस. आपल्याकडे पारा त्याखाली जवळजवळ जातच नाही, म्हणजे उघड्या कॅनच्या तोंडावर बारा महिने पेट घेणारी वाफ असते. हवेत ही वाफ 2 ते 12 टक्के असली की एक ठिणगी पुरते. वाफ हवेच्या दुपटीने जड, त्यामुळे जमिनीलगत सरकत शेजारच्या गाळ्यातल्या वेल्डिंगपर्यंतही पोचू शकते. आमचा एक्झॉस्ट म्हणूनच खाली, जमिनीजवळ आहे आणि दिवे-पंखे फ्लेमप्रूफ, आतली ठिणगी बाहेरच्या वाफेपर्यंत न पोचू देणारे. कॅन भरताना बॅरल आणि धातूचा कॅन तारेने जोडून अर्थिंग करतो, नळी तळापर्यंत सोडतो, धार सावकाश ठेवतो. वरून ओतलं की स्थिर वीज साचते. बूच पितळी पान्यानेच उघडायचं. खंडेनवमीची पूजा आम्ही मनापासून करतो, पण निरांजन आणि उदबत्ती फाटकाबाहेर. आग विझवायचा साधा फोम इथे टिकत नाही, अल्कोहोल त्याचे बुडबुडे फोडतं. म्हणून अल्कोहोल-रेझिस्टंट फोम आणि ड्राय पावडर दोन्ही हाताशी असतात.

2020च्या मार्चमध्ये सॅनिटायझर अत्यावश्यक वस्तू ठरलं, 200 मिलीला 100 रुपयांची कमाल किंमत लागली आणि आमचा फोन ठेवता येईना. एक अनोळखी व्यापारी थोडं मिथेनॉल मिसळून द्या म्हणून मागे लागला होता. मिथेनॉल पोटात गेलं तर डोळे जातात, जीवही जातो. कातडीतूनही ते शरीरात शिरतं. आम्ही त्याला परत पाठवलं. परवाना असलेल्या सॅनिटायझरवाल्यांना मात्र जुन्याच दराने माल दिला. त्यातले बरेच जण आजही आमचे गिऱ्हाईक आहेत.

पाण्याच्या बाटलीत आयपीए मागणाऱ्याला आम्ही कधीच देत नाही. दिसायला तो पाण्यासारखाच, आणि चुकून कोणी प्यायलं तर शरीरात त्याचं अ‍ॅसिटोन होतं, माणूस बेशुद्ध पडू शकतो.

हल्ली आम्ही रिकामी बॅरलंही परत घेतो, कारण लोक त्यांना निर्धोक समजतात. भरलेल्या बॅरलपेक्षा रिकाम्यात वाफेला हवा जास्त मिळते, आणि गॅस कटरने वरचं झाकण कापायला गेलं की तिथेच स्फोट होऊ शकतो. ही बॅरलं पाणी साठवायला द्या म्हणून वस्तीतले लोक येतात, टंचाईत तर रोज. त्यांना नाही म्हणताना जड जातं. म्हणून दाराशी खाण्याच्या तेलाचे धुतलेले प्लास्टिकचे ड्रम आणून ठेवतो, तेच त्यांना देतो.