फॉक्सप्रोचे रिपोर्ट हार्बरवर, टप्पा दुसरा : '?' कमांड

संग्रहाच्या नोंदींचे फॉक्सप्रो २.६ या जुन्या डेटाबेस भाषेतले रिपोर्ट हार्बर या कंपायलरवर आणण्याचं काम पुढे सरकलं आहे. फॉक्सप्रोच्या फाइली वाचणाऱ्या डीबीएफसीडीएक्स ड्रायव्हरने टेबलं, मेमो (लांब मजकुराची फील्डं) आणि इंडेक्स तिन्ही नीट उघडतात. आता छपाई.

फॉक्सप्रोत '?' या छापणाऱ्या कमांडच्या मागोमाग पिक्चर (आकड्याचा साचा), फंक्शन आणि ॲट लिहिता येतं, म्हणजे आकडा, त्याचं रूप आणि त्याचा कॉलम एकाच ओळीत सांगून होतं. हार्बर क्लिपर या दुसऱ्या जुन्या डेटाबेस भाषेच्या घराण्यातला. तिथल्या '?' ला यातलं काहीच कळत नाही. पिक्चर तसंच ठेवलं तर कंपाइल करतानाच सिंटॅक्स एरर येते. सरळ मार्ग असा : प्रत्येक एक्स्प्रेशन ट्रान्सफॉर्म() सारख्या, मजकूर बनवून देणाऱ्या फंक्शनमधून काढायचं आणि पूर्ण ओळ '+' ने जोडून '?' ला द्यायची.

? ट्रान्सफॉर्म(किंमत, "@Z ९९९,९९९.९९") + स्पेस(२) + डीटीओसी(दिनांक) + स्पेस(२) + ऑलट्रिम(नाव)

(इथे सगळं देवनागरीत लिहिलं आहे, कोडमध्ये अर्थातच रोमन अक्षरं आणि अंक.)

स्वल्पविराम देऊन तीन एक्स्प्रेशन लिहिण्याचा मोह टाळा. हार्बर अशा दोन एक्स्प्रेशनमध्ये स्वतःहून एक स्पेस घालतो. फॉक्सप्रोतही सेट स्पेस ऑन असताना तेच होतं, पण तिथे ते ऑफ करता येतं. शीर्षकाची ओळ एकसंध आणि खालच्या ओळी स्वल्पविरामाच्या, असं झालं की प्रत्येक कॉलमला एक जागा सरकत जाते आणि पाचव्या कॉलमपर्यंत रिपोर्ट तिरका होतो. पिक्चर न देता आकडा सोडला तर वेगळीच गंमत : व्हेरिएबलमधला साधा ५ दहा जागा अडवतो, डावीकडे नऊ मोकळ्या.

पिक्चरच्या बाबतीत तीन गोष्टी पक्क्या ध्यानात हव्यात. "@Z" (शून्य असेल तर जागा कोरी ठेवणारं) आणि पुढचे नऊ यांत एक स्पेस हवीच. ती गाळली तर नऊसुद्धा फंक्शनचाच भाग समजले जातात आणि साचा उरतच नाही. दुसरी, उणे चिन्हालाही जागा लागते. "९९,९९९.९९" मध्ये १२३४५.६७ बसतो, पण -१२३४५.६७ आला की आकड्याऐवजी तारे छापले जातात. म्हणून सर्वांत मोठ्या अपेक्षित आकड्यापेक्षा डावीकडे एक नऊ जास्त द्या. स्वल्पविराम साच्यात जिथे लिहाल तिथेच पडतो. हजारांचे गट असोत की लाखांचे, दोन्ही जमतात. तिसरी बाब मजकुराच्या क्रमांकांची : "१२३४५६७" ला "९९९-९९९९" दिलं तर उत्तर १२३-५६७ येतं, चौथा अंक डॅशखाली जातो. "@R ९९९-९९९९" लिहिलं की डॅश मध्ये घुसतो आणि सगळे अंक शाबूत राहतात.

सगळ्यांत जास्त वेळ बेरजेला द्यावा. पिक्चर फक्त दिसणं बदलतं, किंमत नाही. १०.००४ तीनदा आला तर तीन ओळींत १०.०० दिसतं आणि खाली बेरीज ३०.०१. वाचणाऱ्याला रिपोर्ट चुकलेला वाटतो, आणि त्याचं बरोबरच आहे, कारण कागदावर त्याला तेवढंच दिसतं. बेरजेत टाकण्यापूर्वीच राउंड(किंमत, २) करा. छपाईच्या वेळी गोल केलं तर उशीर झालेला असतो.

तारखेसाठी सुरुवातीलाच सेट सेंच्युरी ऑन, म्हणजे वर्ष चार अंकी. ते राहिलं तर तारीख दहाऐवजी आठ जागांची होते आणि तिच्या उजवीकडचं सगळं दोन घरं डावीकडे येतं.

देवनागरी नावांचा प्रश्न पॅडआर() ने, म्हणजे उजवीकडे स्पेस भरून ठरावीक रुंदी देणाऱ्या फंक्शनने, सुटत नाही. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, त्यामुळे 'मराठी' पंधरा बाइट भरतं. यूटीएफ८ईएक्स कोडपेज निवडलं की मोजणी बाइटऐवजी चिन्हांची होते, पाच. पण पडद्यावर काना-वेलांटी किती जागा घेते ते टर्मिनलवर ठरतं. म्हणून वरच्या ओळीत नाव मुद्दाम शेवटी ठेवलं आहे. आकडे आणि तारखा आधी, ज्याची रुंदी हातात नाही ते सगळ्यांत उजवीकडे.

फाइलमध्ये काढायचं तर सेट ऑल्टरनेट टू, मग सेट ऑल्टरनेट ऑन. पडदा नको असेल तर सेट कन्सोल ऑफ. '?' आधी नवी ओळ देतो आणि मग छापतो, त्यामुळे फाइलची पहिली ओळ कोरी जाते. पहिलं शीर्षक '??' ने (तो नवी ओळ देत नाही) छापा आणि शेवटी एक नुसता '?' द्या. '@ ... से' ने, म्हणजे पडद्यावरची जागा सांगून, काढलेलं काहीही या फाइलमध्ये उतरत नाही, तेव्हा जुन्या कोडमधल्या त्या ओळी शोधून '?' वर आणायलाच हव्यात.

उरलं आहे मेमोचं काम. फॉक्सप्रोत फंक्शन "V४०" ने लांब वर्णन चाळीस जागांत खाली खाली वाहत जातं. हार्बरमध्ये एमएलकाउंट(वर्णन, ४०) ने ओळी मोजायच्या, पहिली मेमोलाइन(वर्णन, ४०, १) मुख्य ओळीच्या शेवटी जोडायची आणि दुसरीपासूनच्या ओळी लूपमध्ये डावीकडच्या कॉलमांइतकी स्पेस() देऊन छापायच्या. नाव आणि वर्णन दोन्ही शेवटी मावत नाहीत, त्यामुळे नाव वेगळ्या ओळीवर न्यावं लागेल.