चार मुलं घेऊन स्वित्झर्लंड-जर्मनी, रेल्वेने

दोन मोठी माणसं आणि चार मुलं असा गोतावळा युरोपात निघाला की सगळ्यात आधी वयांचा हिशेब मांडावा. प्रवासाच्या तारखांना कोण किती वर्षांचं असेल ते कागदावर लिहा. व्हिसा, रेल्वे, सगळ्यांचे दर त्यावरच ठरतात.

शेंगेन व्हिसाची (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) फी मोठ्यांना ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५ आणि ६ वर्षांखाली माफ. व्हिसा अर्ज केंद्राचं सेवाशुल्क वेगळं. १२ वर्षांखालच्या मुलांचे बोटांचे ठसे घेत नाहीत, पण अर्ज प्रत्येकाचा स्वतंत्र लागतो, आणि तोही जिथे सर्वांत जास्त रात्री राहणार त्या देशाकडे. प्रवासाच्या ६ महिने आधीपासून अर्ज करता येतो. मे महिन्याच्या सुट्टीत जायचं असेल तर जानेवारीतच अपॉइंटमेंट बघा, कारण सहा जणांना एकाच दिवशीची वेळ नंतर मिळता मिळत नाही. जन्मदाखल्यावर आईचं माहेरचं नाव आणि पासपोर्टवर सासरचं असेल, तर विवाह नोंदणीचा दाखला जोडा. आई-वडिलांपैकी एकच जण मुलांना नेत असेल तर दुसऱ्याचं नोटरी केलेलं संमतिपत्र लागतं.

स्वित्झर्लंडमध्ये ६ वर्षांखालच्यांना रेल्वेचं तिकीट लागत नाही. आई किंवा वडिलांकडे स्विस ट्रॅव्हल पास (पर्यटकांसाठीचा तिथला प्रवास पास) असेल तर ६ ते १५ वयाच्या मुलांना स्विस फॅमिली कार्ड फुकट मिळतं, आणि त्यावर मुलं त्यांच्याबरोबर फुकट फिरतात. ते पासबरोबरच मागून घ्या. जर्मनीत ६ ते १४ वयाची मुलं मोठ्यांबरोबर फुकट जातात, पण तिकीट काढतानाच त्यांची संख्या नोंदवावी लागते. ती राहिली तर मूल विनातिकीट ठरतं. युरेल पासवर (अनेक युरोपीय देशांत चालणारा रेल्वे पास) ४ ते ११ वयाची दोनच मुलं एका मोठ्या माणसामागे मोफत, म्हणजे दोन मोठ्यांमागे चार; त्या वयाचं पाचवं मूल असेल तर त्याचा युथ पास घ्यावा लागतो. आणि तिकीट फुकट म्हणजे जागा फुकट नव्हे! जर्मनीच्या आयसीई या वेगवान गाडीत आरक्षणाचे पैसे वेगळे. ते भराच. धाकटं मूल दोन-तीन वर्षांचं असलं तरी त्याच्यासाठी जागा घ्या, नाहीतर चार तास ते तुमच्या मांडीवर. आयसीईत लहान मुलांचा वेगळा कप्पा असतो. स्विस दुमजली इंटरसिटी गाड्यांच्या फॅमिली डब्यात तर वरच्या मजल्यावर घसरगुंडीच आहे.

खरी कसोटी गाडीत चढताना लागते. मधल्या स्टेशनांवर गाडी जेमतेम दोन-तीन मिनिटं थांबते. फलाटावर ए, बी, सी असे विभाग असतात आणि आपला डबा कोणत्या विभागासमोर येणार हे फलकावर दिसतं. दहा मिनिटं आधी तिथे जाऊन उभे राहा. जर्मनीत कधी कधी डबे उलट्या क्रमाने येतात. तेव्हा ‘उमगेकेर्टे वागेनराइउंग’ अशी घोषणा होते, ती कानावर पडली की लगेच फलक पुन्हा बघा. एका मोठ्याने बॅग घेऊन आधी चढायचं, मग मोठी मुलं, मग उचलून दिलेलं धाकटं, आणि दुसऱ्या मोठ्याने बाबागाडी घडी करून सर्वांत शेवटी. दोन्ही मोठी माणसं एकदम चढली किंवा एकदम खाली राहिली की घोटाळा होतो. सहा जणांत चाकाच्या बॅगा तीनच ठेवा. चौथी ओढायला हात उरत नाही, कारण एक हात मुलाचा असतो.

एका हॉटेलच्या खोलीत बहुतेक ठिकाणी चारच्या वर माणसं घेत नाहीत. मुलांची संख्या लपवून बुकिंग करू नका, दारात अडवतात. युथ हॉस्टेलमध्ये चार ते सहा बेडच्या कौटुंबिक खोल्या मिळतात, नाहीतर स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट घ्या. आमचा कौल अपार्टमेंटला, आणि एका जागी निदान चार रात्री. इंटरलाकेन किंवा लुसर्नला मुक्काम ठेवून रोज डोंगरावर जाऊन परत येता येतं. रोज बॅगा भरण्यात मुलं आणि आई-बाप दोघंही दमतात.

शेगडी बहुधा इंडक्शनची असते. अ‍ॅल्युमिनियमचा साधा कुकर त्यावर तापत नाही. निघण्याआधी बुडाला लोहचुंबक लावून बघा, चिकटला तरच तो कुकर न्या. फोडणी करताना एक्झॉस्ट आधी लावा, नाहीतर धुराचा अलार्म वाजतो. मांस आणि दुधाचे पदार्थ भारतातून नेता येत नाहीत, म्हणजे तूप, पेढे, पनीर घरीच ठेवा. बाळाची दूध पावडर दर माणशी २ किलोपर्यंत चालते, मात्र फ्रीजमध्ये न ठेवता टिकणारी आणि कंपनीच्या बंद डब्यातली हवी. आंबे आणि ताजा कढीपत्ताही नाही. मेतकूट आणि भाजणी खुशाल न्या.

पाणी विकत घेऊ नका. झ्युरिकमध्ये १२०० हून जास्त कारंजी आहेत आणि त्यांचं पाणी पिता येतं. जिथे ‘काइन ट्रिंकवासर’ (पिण्याचं पाणी नाही) अशी पाटी असेल तिथलं मात्र भरू नका. स्टेशनवरच्या संडासाला नाणी लागतात, तेव्हा छोट्या पाकिटात ती वेगळी ठेवा. घाईच्या वेळी नोट मोडायला सवड नसते.

उन्हाळ्यात आपलं घड्याळ तिथल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. पहिले दोन-तीन दिवस मुलं पहाटे साडेतीन-चारला टक्क जागी होतात, तेव्हा आदल्या रात्रीच दूध आणि ब्रेड आणून ठेवा. रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात, उघडी राहतात ती मोठ्या स्टेशनांतली. शनिवारी संध्याकाळीच दोन दिवसांचं सामान भरा.